५५५४ उर्फ पोस्टाने पाठवलेलं प्यादं

साउथहॅम्प्टनला नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी उत्साहाने सांगतं की टायटॅनिक इथूनच सुटली. १० एप्रिल १९१२. मग पहिल्या वर्गातले लक्षाधीश, तळातले गरीब, शेवटपर्यंत वाजवत राहिलेले वादक असं सगळं ऐकून होतं. तिच्या नावामागच्या 'आर. एम. एस.' या तीन अक्षरांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्यांचा अर्थ एवढाच की ही सरकारी टपाल नेणारी बोट आहे. टायटॅनिकवर पत्रांची वर्गवारी करणारे पाच टपाल कारकून होते. पाचांपैकी एकही वाचला नाही.

हिंदुस्थानची डाकही एके काळी याच बंदरातून जायची. १८४० च्या दशकात पी अँड ओ कंपनीच्या बोटी इथून अलेक्झांड्रियाला जात. तिथून पत्रं नाईल नदीने कैरोला, मग उंटांच्या पाठीवरून वाळवंट ओलांडून सुएझला, आणि तिथून पुन्हा बोटीने मुंबईला. पाकिटावर 'साउथहॅम्प्टनमार्गे' असं लिहिलं की पत्र स्वस्तात पण सावकाश जायचं. घाई असेल तर 'मार्सेयमार्गे' लिहायचं आणि जास्त पैसे मोजायचे. म्हणजे माझं हे गाव तेव्हापासूनच सावकाश आणि स्वस्त पत्रांचं!

ही टपालाची पोथी उघडायचं कारण असं, की मला आज पोस्टाने खेळल्या गेलेल्या बुद्धिबळाच्या एका डावाबद्दल लिहायचंय. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनी लगेच पळून जाऊ नये. घोडा अडीच घरं चालतो एवढं माहीत असलं तरी भागेल.

पोस्टल बुद्धिबळ ही कल्पना ज्यांनी पाहिली नाही त्यांना हास्यास्पद वाटते. दोघं दोन गावांत. प्रत्येकाच्या घरी एक पट मांडलेला. मी माझी खेळी कार्डावर लिहून टाकायची, ती तुम्हाला चार दिवसांनी मिळणार, तुम्ही विचार करून तुमची टाकणार. एक डाव दोन-तीन वर्षं सहज चालतो. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांत असा सामना झाला आणि एडिंबराने तो जिंकला. 'स्कॉच गेम' हे नाव त्या सामन्यातून आलं. आपल्याकडेही लगेच १८२८-२९ मध्ये मद्रास विरुद्ध हैदराबाद असे दोन डाव पत्राने झाले. मद्रासच्या गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रन यांनी त्यावर १८२९ साली पुस्तकही काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आमच्या साउथहॅम्प्टनात जोसेफ हेन्री ब्लेक (१८५९-१९५१) नावाचा एक नावाजलेला पोस्टल खेळाडू राहत होता.

माझे बाबाही त्याच पंथातले. आम्ही सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं ते गाव. तिथे बुद्धिबळ खेळत नाही असं सांगितलं तर लोक 'बरं वाटत नाही का?' विचारतात. माझ्या लहानपणी बाबा बेळगावच्या एका मित्राशी पंधरा पैशांच्या कार्डावर डाव खेळत. कार्डावर वर 'सा. न. वि. वि.', मध्ये खेळी, मग जर-तर, आणि खाली 'बाकी क्षेम'. जर-तर म्हणजे वेळ वाचवायची युक्ती. 'तू अमुक मारलंस तर मी तमुक मारणार' असं आधीच लिहून टाकायचं, म्हणजे एक हेलपाटा वाचतो. पण यात जोखीमही असते. समोरच्याच्या मनात काय आहे याबद्दल तुम्ही काय समजता, ते लेखी कळतं त्याला.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत आणखी एक अडचण असायची ती भाषेची. जर्मन माणसाचा घोडा वेगळ्या अक्षराने सुरू होतो आणि रशियन माणसाची तर लिपीच वेगळी. म्हणून पटाच्या प्रत्येक घराला दोन आकडे दिले. उभ्या रांगा १ ते ८, आडव्या १ ते ८. खेळी म्हणजे चार आकडे: निघालो कुठून, पोचलो कुठे. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे म्हणजे ५२५४. सोंगटीचं नावही लिहायची गरज नाही. हेच मराठी शाळेतल्या मुलालाही कळेल आणि मॉस्कोच्या पोस्टमनलाही. (आता पोस्टमनला ते हेरगिरीचं वाटलं तर इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धात टपाल तपासणाऱ्यांना तसं खरोखरच वाटायचं.)

आता तो डाव.

१९६५ ते १९६८ या काळात पोस्टल बुद्धिबळाच्या पाचव्या जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी झाली. सतरा खेळाडू, प्रत्येकाचे सोळा डाव, सगळे एकाच वेळी. त्यात पांढरी मोहरी घेऊन मॉस्कोचा याकोव एस्ट्रिन आणि काळी घेऊन अमेरिकेचा हान्स बर्लिनर. बर्लिनर नावाप्रमाणे बर्लिनचाच. १९२९ चा जन्म, आणि नाझी राजवटीत १९३७ साली कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेला. एस्ट्रिन सुरुवातीच्या खेळ्यांचा गाढा अभ्यासक. 'दोन घोड्यांचा बचाव' या सुरुवातीवर त्याने पुस्तक लिहिलेलं.

आणि बर्लिनरने त्याच्याशी नेमका तोच बचाव निवडला!

हे म्हणजे पाणिनीशी व्याकरणावरून भांडण उकरून काढण्यासारखं झालं. शहाणा माणूस असं करत नाही. पण त्यामागे एक हिशेब होता. ज्याने पुस्तक लिहिलंय तो पुस्तकातल्या मताशी बांधलेला असतो. आपण सगळे लेख वाचतो आणि 'हे सिद्ध झालेलं आहे' असं म्हणून पुढे जातो. बर्लिनरने सिद्ध झालेल्या जागी थांबून पुन्हा पट मांडला.

या बचावात पांढरा चौथ्याच खेळीला घोडा काळ्याच्या घरात घुसवतो. साधा काळा माणूस दारं-खिडक्या लावून घेतो. बर्लिनरने दारं उघडी टाकली, प्यादी देऊ केली आणि उलट वजीर, उंट आणि घोडे पांढऱ्याच्या राजाकडे वळवले. या प्रकाराला फ्रिट्झ नावाच्या जुन्या जर्मन खेळाडूचं नाव आहे. (पुढे बुद्धिबळाच्या एका प्रसिद्ध कॉम्प्युटर प्रोग्रॅमलाही फ्रिट्झच म्हणू लागले. योगायोग, पण पुढे कामाला येणार आहे.)

नऊ खेळ्या झाल्यावर काळ्याचा वजीर एच४ वर, उंट जी४ वर, घोडा डी४ वर. दहाव्या खेळीला एस्ट्रिनने एफ३ वर प्यादं सरकवून उंटावर हल्ला केला. घोड्यावर दुसऱ्या प्याद्याचा हल्ला आधीपासून आहेच. म्हणजे काळ्याच्या दोन सोंगट्या एकदम मरायला टेकलेल्या. अशा वेळी कोणीही काय करेल? दोनातली एक तरी वाचवेल.

बर्लिनरने दोन्ही तशाच ठेवल्या आणि मधलं प्यादं एक घर पुढे ढकललं. ई५ वरून ई४. आकड्यांत लिहिलं तर ५५५४.

एस्ट्रिनने घोडा मारला. बर्लिनरने काळा उंट बाहेर काढला. एस्ट्रिनने शह दिला. काळा राजा डी८ वर सरकला, म्हणजे आता किल्लेकोट करायचा मार्ग कायमचा बंद. एक अख्खी सोंगटी कमी, राजा उघड्यावर, आणि तरीही चौदाव्या खेळीला काळा एका बाजूला हत्ती शांतपणे एक घर सरकवतो. ही खेळी मला त्या प्याद्याहूनही आवडते. घर पेटलेलं असताना खुर्ची नीट लावून ठेवण्यासारखी दिसते, आणि दोन-तीन खेळ्यांनी कळतं की खुर्ची बरोबर जागी ठेवली होती.

मग मारामारी होते. बर्लिनर गेलेलं सगळं वसूल करतो. चोविसाव्या खेळीला आपला हत्ती मरायला सोडून वजिराने एक प्यादं खातो, आणि थोड्या वेळाने वजीरही पटावरून जातात. उरतात दोन्हीकडे एकेक हत्ती आणि काही प्यादी, आणि काळ्याकडे एक प्यादं जास्त. एवढ्या आतषबाजीनंतर हाती काय आलं, तर एक प्यादं! आणि तेही तो पुढे परत देतो, कारण त्या बदल्यात त्याच्या राजाला चालायला रस्ता मिळतो. तोच राजा, जो सुरुवातीला उघड्यावर पडला म्हणून आपल्याला काळजी वाटत होती, तो चालत चालत पांढऱ्याच्या घरात सी२ पर्यंत जातो. बेचाळिसाव्या खेळीला एस्ट्रिनने डाव सोडला.

बर्लिनरने सोळापैकी चौदा गुण मिळवून तीन गुणांच्या फरकाने अजिंक्यपद जिंकलं. ते राखायला तो पुन्हा उतरला नाही. अँड्र्यू सोल्टिस या ग्रँडमास्टरने विसाव्या शतकातल्या शंभर सर्वोत्तम डावांचं पुस्तक केलं, त्यात पहिला क्रमांक याच डावाचा आहे. फिशर, कास्पारोव, ताल सगळ्यांच्या वर हा पोस्टातला डाव.

पण मला बर्लिनर जास्त आवडतो तो या पुढच्या भागामुळे. अजिंक्यपद मिळाल्यावर हा माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडी करायला गेला. विषय: कॉम्प्युटरला बुद्धिबळ कसं शिकवावं. १९७४ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट. मी विशीत पीएचडी करताना स्वतःला म्हातारा समजायचो, ते असो.

त्या कामात त्याने १९७३ साली कॉम्प्युटरच्या एका खोडीला नाव दिलं: होरायझन इफेक्ट, क्षितिज परिणाम. कॉम्प्युटर समजा सहा खेळ्या पुढचं पाहू शकतो. सहाव्या खेळीला आपला वजीर मरतोय असं त्याला दिसलं, तर तो मध्येच एक फुटकळ शह देतो. उत्तर देणं समोरच्याला भाग पडतं. आता वजिराचं मरण आठव्या खेळीवर गेलं, क्षितिजापलीकडे, म्हणून त्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे टळलं! खूश होऊन तो असेच शह देत राहतो, प्रत्येक वेळी एखादं प्यादं गमावतो, आणि शेवटी वजीर मरतोच.

परदेशात राहणाऱ्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. 'पीएचडी झाली की परत.' मग 'दोन वर्षं अनुभव घेऊ.' मग व्हिसा, मग घराचं कर्ज, मग मुलीची शाळा. यातली प्रत्येक खेळी नियमात बसणारी आणि वाजवीसुद्धा आहे. यातली कुठली खरी आणि कुठली नुसता शह, हे खेळताना ओळखता येत नाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती संपून प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की निम्म्या गप्पा याच शहांच्या असतात.

बर्लिनर पुढे तिथेच प्राध्यापक झाला. त्याच्या गटाच्या 'हायटेक' या मशीनने १९८८ साली अर्नोल्ड डेन्कर या ग्रँडमास्टरला सामन्यात हरवलं. त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाच्या मशीनचा वंशज म्हणजे आयबीएमचा डीप ब्लू, ज्याने १९९७ साली कास्पारोवला हरवलं. पोस्टल बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता कॉम्प्युटर वापरायला उघड परवानगी आहे, खेळ्याही इंटरनेटवरून जातात, आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. बर्लिनर २०१७ साली वारला. ज्या खेळात तो अजिंक्य ठरला, तो जुन्या रूपात संपवण्याला त्याने स्वतः आयुष्याची पुढची वर्षं हातभार लावला.

आणि त्या कॉम्प्युटरना ५५५४ विचारलं तर? ते नाक मुरडतात. कॉम्प्युटर येण्याआधीच विश्लेषकांना भोक सापडलं होतं. चौदाव्या खेळीला एस्ट्रिनने हत्तीने प्यादं मारलं, त्याऐवजी वजीर बी३ वर आणला असता, तर काळ्याचं अवघड होतं. म्हणजे विसाव्या शतकातला सर्वोत्तम डाव ज्या खेळीवर उभा आहे ती काटेकोर हिशेबात बरोबर नाही.

यावर मी बराच विचार केलाय, कारण माझ्या धंद्यातही हेच चालतं. आज आपण जे मॉडेल छापतो ते वीस वर्षांनी कुणीतरी खोडणार आहे. मग ते चूक होतं का? माझं मत असं, की बर्लिनरने डाव सत्य सापडल्यामुळे जिंकला नाही. समोरचा जिथे पाहायचा थांबला, तिथून तो आणखी चार पावलं पुढे गेला, आणि ती चार पावलं दिव्याखाली, हाताने, महिनोन्महिने पट मांडून चालला. त्या काळच्या क्षितिजाच्या आत ती खेळी भक्कम होती. दोन कार्डांच्या मधल्या रिकाम्या दिवसांनीच त्याचं क्षितिज लांब नेलं. कॉम्प्युटरला आज ते उत्तर काही सेकंदांत दिसतं, पण प्रश्न विचारणारा माणूस १९६५ सालीच होऊन गेला होता.

आता घरची गोष्ट. दर रविवारी बाबांशी व्हिडिओवर बोलणं होतं. जेवलास का, पाऊस आहे का, पोरगी काय म्हणते. दहा मिनिटांत विषय संपतात आणि आम्ही दोघं एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसतो. गेल्या गणपतीत बाबा म्हणाले, "एक डाव लावू या का? कार्डाने." मी म्हटलं, "बाबा, फोनवर रोज एक खेळी करू, दीड महिन्यात संपेल." ते म्हणाले, "मग त्यात खेळायचं काय?"

नियम त्यांनीच ठरवले. कॉम्प्युटर नाही, पुस्तकं चालतील, खेळी आकड्यांत, विचाराला किती दिवस घेतले ते प्रामाणिकपणे लिहायचं. पांढरी माझी. पहिल्या सहा खेळ्या फोनवरच उरकल्या, कारण दोघांनाही ठाऊक होतं कुठला डाव खेळायचाय. बर्लिनरचा डाव त्यांना रामरक्षेसारखा पाठ आहे. मग त्यांनी हिशेब मांडला. कार्ड जायला दोन-तीन आठवडे, यायला तेवढेच. एका खेळीला पाच आठवडे. डाव बेचाळीस खेळ्यांचा झाला तर अजून साडेतीन वर्षं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. "म्हणजे मी साडेसत्त्याहत्तर," ते म्हणाले, "ठीक आहे." मी पलीकडून काही बोललो नाही.

दहाव्या खेळीचं कार्ड आलं त्यावर ५५५४ लाल शाईने लिहिलेलं होतं. खाली नेहमीचं 'बाकी क्षेम'.

चौदाव्या खेळीशी आलो तेव्हा खरा पेच पडला. हत्तीने मारलं तर आम्ही जुन्याच वाटेने चालत राहू आणि बाबा बर्लिनर होऊन जिंकतील. वजीर बी३ वर नेला तर ते एकटे पडतील, आणि तिथे त्यांच्या मदतीला पाठांतर नाही. बायको म्हणाली, "हरलास तर काय बिघडतं? त्यांना आनंद होईल." तिचंही खरं होतं. पण ज्या माणसाने मला वयाच्या सहाव्या वर्षी एकही सोंगटी सवलतीची न देता रोज हरवलं, त्याला चौऱ्याहत्तराव्या वर्षी दान द्यायचं? आणि ते त्यांना कळणार नाही? शिवाय मला एक वेगळीच भीती वाटत होती. पाठ असलेला डाव खेळायला समोर माणूस लागतच नाही. दोन आठवडे कार्ड टेबलावर होतं. मग मी ४१२३ लिहिलं आणि टाकलं. वजीर बी३.

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारीही फोनवर आम्ही पावसाबद्दल बोललो. डावाबद्दल फोनवर बोलायचं नाही हाही नियमच आहे.

उत्तर गेल्या आठवड्यात आलं. विचाराचे दिवस: १९. इतके दिवस त्यांनी आजवर कधी घेतले नव्हते. खेळी ६३७२, म्हणजे त्यांच्या प्याद्याने माझं जी२ वरचं प्यादं मारून थेट माझ्या हत्तीला हात घातलाय. खाली लिहिलंय: 'वजीर आणलास. बरं झालं. मी हत्ती धरून चाललो होतो. आता पट उचलत नाही, जेवायच्या टेबलावरच आहे. आई ओरडते.'

त्याखाली दोन जर-तर. पहिलं आकड्यांत: मी हत्ती हलवला तर त्यांची पुढची खेळी. दुसरं मराठीत: 'दिवाळीला येणार असशील तर पंधरावी खेळी पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये.'

पंधरावी खेळी मी ठरवली आहे. कार्ड अजून लिहिलेलं नाही.